देवमासा आणि क्लाउडबेरी

पृथ्वीच्या उत्तर टोकास, आर्क्टिक महासागराच्या कडेने जी भूमी पसरलेली आहे, तीवर वृक्ष नाहीत. वर्षातील बहुतेक महिने ती बर्फाखाली झाकलेली असते. उन्हाळा आला म्हणजे वरचा वीत-दोन वीत थर तेवढा वितळतो; त्याखालची माती शतकानुशतके गोठलेलीच राहते. या भूमीस टंड्रा असे म्हणतात. अमेरिकेच्या अलास्का प्रांताच्या अगदी उत्तरेस, 2016 पर्यंत बॅरो या नावाने ओळखले जाणारे उटकिआग्विक हे गाव आहे. तेथे नोव्हेंबरच्या मध्यास सूर्य मावळतो, तो पुन्हा जानेवारीच्या अखेरीस उगवतो. अशा प्रदेशात जगणाऱ्या दोन जीवांची ही हकीकत आहे. एक समुद्रात राहतो, त्याची लांबी 15 ते 18 मीटर असते आणि वजन 75 टनांच्याही वर जाते. दुसरा जमिनीवर उगवतो आणि त्याची उंची एका वितीहून क्वचितच अधिक भरते. पहिला बोहेड नावाचा देवमासा होय. दुसरी क्लाउडबेरी नावाची रानवनस्पती होय.

या दोहोंची तुलना करणे म्हणजे हत्ती आणि दूर्वा यांना एका पंक्तीस बसविण्यासारखे प्रथमदर्शनी वाटेल. एक सस्तन प्राणी, दुसरी गुलाबाच्या कुलातील वनस्पती. दोहोंचे नाते शोधावयाचे तर जीवसृष्टीच्या इतिहासात फार मागे जावे लागेल. तथापि दोघांपुढील प्रश्न एकच आहे, तो थंडीचा. शिवाय उत्तर अलास्कातील इन्युपियात लोकांच्या जेवणात हे दोन्ही जीव कित्येक शतके शेजारी-शेजारी येत आले आहेत, आणि ते केवळ रुचीसाठी नव्हे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने या दोहोंना शास्त्रीय नावे दिली, ही गोष्टही जाता जाता सांगण्यासारखी आहे. क्लाउडबेरीस त्याने 1753 साली रूबस कॅमीमोरस म्हटले, म्हणजे जमिनीलगतची तुती. देवमाशास 1758 साली बलीना मिस्टिसीटस हे नाव दिले. इन्युपियात लोक मात्र त्यांना त्यापूर्वीपासूनच अनुक्रमे अक्पिक आणि अग्विक म्हणत आले आहेत.

मोठेपणाचा उपाय

देवमासा हा मासा नव्हे, हे आता शाळेतील मुलासही ठाऊक असते. तो उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलास दूध पाजणारा प्राणी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून देवमासे वाहून येतात. 2015 साली अलिबागजवळ रेवदंड्यास निळा देवमासा आला होता. परंतु बोहेड जातीचा देवमासा आपल्या समुद्रात कधीच दिसत नाही. बहुतेक मोठे देवमासे हिवाळा आला म्हणजे उबदार समुद्राकडे जातात. बोहेड मात्र जन्मभर आर्क्टिक व त्यालगतच्या गारठलेल्या समुद्रांतच राहतो.

खारे पाणी शून्याखाली सुमारे 1.8 अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूप राहू शकते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. अशा पाण्यात मनुष्य पडला तर अल्पावधीत मरतो. देवमासा का मरत नाही? याचे पहिले उत्तर भूमितीत आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व जाडी दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. उष्णता शरीराच्या सगळ्या घनफळात निर्माण होते आणि पृष्ठभागातून निसटते. म्हणून शरीर जितके मोठे, तितका त्याचा तोटा प्रमाणाने कमी. चहाचा पेला निवून जातो आणि बंबातील पाणी तासन् तास ऊन राहते, त्याचे कारण हेच.

दुसरे उत्तर चरबीचे आहे. बोहेडच्या जाड कातडीखाली सुमारे एक फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड असा चरबीचा थर असतो. एवढा जाड थर अन्य कोणत्याही प्राण्यात आढळत नाही. हा थर पांघरूण आहे, तसेच कोठारही आहे. उन्हाळ्यात व शरद ऋतूत समुद्रात झिंग्यांसारखे सूक्ष्म कवचधारी प्राणी अमाप वाढतात. बोहेड तोंड उघडे ठेवून सावकाश पोहत जातो. वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या शेकडो पट्ट्यांच्या झालरीतून पाणी गाळले जाते आणि हे जीव आत अडकून राहतात. या पट्ट्या 4 मीटरपर्यंत लांब असतात. व्यापारी लोक त्यांना व्हेलबोन म्हणत, पण त्या हाडाच्या नसून नखे व शिंगे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याच्या बनलेल्या असतात. त्या सामावून घेण्यासाठी डोके एकंदर शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मोठे असते आणि जबडा धनुष्याप्रमाणे वाकलेला असतो. बोहेड हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले.

त्याच्या पाठीवर पंख नाही, त्यामुळे बर्फाच्या छताखालून सरकताना काही अडत नाही. श्वास घेण्यासाठी मोकळे पाणी सापडले नाही, तर टाळक्याच्या उंचवट्याने तो वीतभर जाडीचा बर्फ खालून फोडतो. हे सर्व इतके चांगले साधलेले आहे की त्यातून उलटीच अडचण उभी राहते. एवढ्या चरबीत गुंडाळलेला प्राणी जोराने पोहू लागला म्हणजे त्याला उकडते. त्याच्या टाळूत रक्तवाहिन्यांनी भरलेला, सुमारे 12 फूट लांबीचा एक मांसल दंड असल्याचे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वर्णिले आहे. तोंडातून थंड पाणी वाहत असता या दंडातून जादा उष्णता बाहेर टाकली जात असावी, असे त्या संशोधकांचे मत आहे.

लहानपणाचा उपाय

क्लाउडबेरीने नेमका उलट मार्ग धरला आहे. ती थंडीशी झुंजत नाही. ती खाली दडते. टंड्रा आणि उत्तरेकडील पाणथळ, शेवाळी जमिनी ही तिची वसतिस्थाने. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया अशी ध्रुवाभोवती सर्वत्र ती आढळते. हिमालयातील कुमाऊँ-गढवाल भागात उन्हाळ्याच्या आरंभी पिवळ्या फळांनी लगडणारी काटेरी हिसालू ही तिचीच बहीण म्हणता येईल. दोघींची प्रजाती एकच. पण हिसालूचे झुडूप माणसाच्या उंचीचे वाढते, क्लाउडबेरीला मात्र झुडूप नाही आणि काटेही नाहीत. जमिनीतून दोन-तीन सुरकुतलेली, बोटांसारख्या कंगोऱ्यांची पाने वर येतात, त्यांच्यामध्ये एकच पांढरे फूल येते, आणि फुलाचे एकच फळ होते. शरद ऋतू आला की हा सारा संसार मोडतो.

खरी वनस्पती जमिनीखाली असते. तेथे तिची आडवी खोडे, ज्यांना वनस्पतिशास्त्रात मूलक्षोड म्हणतात, पीटमधून पसरत जातात. त्यांची लांबी कित्येक मीटर भरते. उन्हाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न त्यांत साठते. पुढील वर्षाची फुलेही आदल्या उन्हाळ्यातच कळीच्या रूपाने तयार होऊन तेथे वाट पाहत असतात. हिवाळ्यात हवा शून्याखाली 40 अंशांपर्यंत उतरली तरी बर्फाच्या थराखालची माती तितकी थंड होत नाही. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. गोधडीच्या पदरांत जी युक्ती आहे तीच ही युक्ती. देवमाशाची गोधडी चरबीची आणि अंगात शिवलेली. क्लाउडबेरीची आकाशातून पडणारी. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी क्लाउडबेरी उघडी पडते, हा या उपायातील कच्चा दुवा होय.

फळाची रीतही निराळी आहे. कच्चेपणी ते तांबडे व टणक असते, पिकल्यावर पिवळसर केशरी, मऊ व रसाळ होते. अनोळखी माणूस रंग पाहून कच्चेच तोडतो. शिवाय ही वनस्पती विभक्तलिंगी आहे. नरफुले एका वेलीवर आणि मादीफुले दुसरीवर. एकच मूलक्षोड पसरून झालेला सगळा ताटवा नुसता नर किंवा नुसता मादी असतो. मादीचा ताटवा एकटाच असला आणि माश्या किंवा भुंगे दुरून पराग घेऊन आले नाहीत, तर तेथे फुले येतात पण फळ धरत नाही. फुलण्याच्या सुमारास हिमकण पडले की त्या वर्षीचे पीक गेलेच म्हणून समजावे. त्यामुळे चांगली जागा माहीत असणे ही मोठी ठेव ठरते. नॉर्वे व फिनलंड या देशांत अशा जागा घरातल्या घरात सांगितल्या जातात, शेजाऱ्यास नव्हे.

वय मोजण्याची गोष्ट

थंड प्रदेशात जीवनाची गती मंद असते. बोहेडची मादी सुमारे 25 वर्षांची होईपर्यंत माता होत नाही. नंतरही तीन-चार वर्षांत एक पिलू, असेच तिचे प्रमाण. इतक्या सावकाश वाढणारा प्राणी फार वर्षे जगला नाही तर त्याचा वंशच चालावयाचा नाही. पण किती वर्षे? दातांच्या देवमाशांचे वय दातातील वलयांवरून काढता येते. बोहेडला दात नसतात.

पहिला पुरावा शिकाऱ्यांच्या हाती आला. 1981 पासून उत्तर अलास्कात मारलेल्या काही देवमाशांच्या चरबीत जुन्या भाल्यांची दगडी व हस्तिदंती टोके रुतलेली सापडू लागली. अशी टोके वापरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास मागे पडली होती. म्हणजे ज्या प्राण्याने तो घाव सोसला, तो त्यानंतर शंभराच्या आसपास वर्षे जगला होता. 2007 साली एका देवमाशात स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला. तो भाला 1879 साली स्वामित्वहक्क घेतलेल्या बनावटीचा होता.

दुसरा पुरावा रसायनशास्त्राने दिला. डोळ्यातील भिंगाचा गाभा जन्मापूर्वीच तयार होतो आणि पुढे कधीही बदलला जात नाही. त्यातील प्रथिनांत ॲस्पार्टिक आम्ल असते. सजीव हे आम्ल एकाच घडणीचे बनवितात. रसायनज्ञ तिला डावी घडण म्हणतात. काळ जातो तसतसे त्याचे काही रेणू आपोआप उलटून उजव्या घडणीचे होतात, आणि हा पालट ठरावीक, अतिशय मंद गतीने होत असतो. उजव्या-डाव्यांचे प्रमाण मोजले की भिंगाचे, अर्थात प्राण्याचे, वय कळते. शिकारीत मिळालेल्या डोळ्यांवर हा प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष 1999 साली प्रसिद्ध झाले. काही नर शंभरी ओलांडलेले निघाले, आणि एकाचे वय 211 वर्षे आले. या अंदाजात 35 वर्षांचे अंतर इकडे-तिकडे पडू शकते, असे संशोधकांनीच नमूद केले आहे. तरीही मधला आकडा धरला, तर तो देवमासा जन्मला तेव्हा पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती.

एवढ्या आयुष्यात एवढ्या पेशी असलेल्या प्राण्यास कर्करोग वारंवार व्हावयास हवा, पण तसे दिसत नाही. बोहेडच्या पेशी तुटलेला डी.एन.ए. विशेष नेटकेपणाने सांधतात, आणि थंडीत वाढणारे एक प्रथिन या कामी त्यांस साहाय्य करते, असे अलीकडील संशोधन सांगते.

क्लाउडबेरीचे वय मात्र कोणी सांगू शकणार नाही, कारण प्रश्नच नीट विचारता येत नाही. मूलक्षोडाचे एक टोक कुजत असते आणि दुसरे वाढत असते. त्याचे तुकडे पडले तरी प्रत्येक तुकडा तीच वनस्पती असतो. बी रुजण्यास दीर्घ थंडीचा काळ लागतो आणि रोपे विरळाच जगतात, म्हणून ताटवे पसरतात ते प्रामुख्याने याच मार्गाने. देवमाशाचा देह एक आणि त्याचा जन्म-मृत्यूही एक. येथे मात्र देह कोणता आणि मृत्यू कोणता, हे ठरविणेच कठीण आहे.

एका पानातील दोन पदार्थ

1633 सालच्या हिवाळ्यात डच देवमासे-शिकारी कंपनीने यान मायेन या आर्क्टिकमधील बेटावर आपल्या सामानाच्या रखवालीस सात माणसे ठेवली. देवमाशांच्या तेलासाठीच हे ठाणे उभारले होते. पुढील उन्हाळ्यात जहाजे परतली तेव्हा सातही जण मृत आढळले. त्यांनी ठेवलेली दैनंदिनी एप्रिलच्या अखेरीस थांबली होती. त्यांना स्कर्व्ही झाला होता.

स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त वाहते, सांधे दुखतात, जुने भरलेले व्रण पुन्हा उघडतात. शरीरातील पेशीसमूहांना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट बनण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. बहुतेक प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. मनुष्यास ते अन्नातूनच मिळवावे लागते. खारवलेल्या मांसात आणि सुक्या पावात ते जवळजवळ नसते. हे जीवनसत्त्व 1928 साली हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनी प्रथम वेगळे केले आणि त्याची ओळख 1932 पर्यंत पटली. तोपर्यंत कित्येक दर्यावर्दी या रोगाने गेले होते.

जेथे लिंबू नाही, भाजी नाही, त्या टंड्रावर राहणारे लोक मग कसे जगले? याचे उत्तर त्यांच्या पानात होते. इन्युपियात लोक बोहेडची कातडी व तिच्याखालची चरबी मिळून असलेला तुकडा, ज्याला ते मक्ताक म्हणतात, बहुधा कच्चाच खातात. शिजविल्याने क जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. कच्च्या कातडीत ते टिकते. आर्क्टिक कॅनडात देवमाशांच्या कच्च्या कातडीचे मोजमाप केले असता 100 ग्रॅमांत सुमारे 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आढळले. क्लाउडबेरीत ते साधारणतः संत्र्याहूनही अधिक असते. आपल्या आवळ्यापुढे हे दोन्ही फिके पडतील, परंतु टंड्रावर आवळा कोठून येणार? क्लाउडबेरीत बेंझॉइक आम्लही असते, ते नासण्यास विरोध करते; म्हणून ऑगस्टमध्ये वेचलेली फळे सीलच्या तेलात बुडवून हिवाळाभर ठेवता येत. नॉर्वेचे खलाशी ही फळे स्कर्व्हीवरील उपाय म्हणून ओळखत होते. जूनमध्ये शिकार यशस्वी झाल्याचा जो नालुकाताक नावाचा उत्सव होतो, त्यात सर्व गावाला मक्ताक वाटले जाते. आणि कॅरिबू या हरणाच्या चरबीत फळे घोटून केलेला अकुतुक हा पदार्थही अशा प्रसंगी असतो.

यान मायेनवरील माणसे देवमाशांच्या ठाण्यावरच मेली. तो प्राणी त्यांच्या लेखी तेलाचे पिंप होता.

मोजदाद

1848 साली कॅप्टन टॉमस रॉइस याने अमेरिकेचे सुपीरियर हे जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेस नेले आणि तेथे बोहेडांची अमाप संख्या त्याला आढळली. पुढे शेकडो सफरी झाल्या. तेल दिव्यांसाठी आणि व्हेलबोन स्त्रियांच्या कमरपट्ट्यांसाठी व छत्र्यांच्या काड्यांसाठी जाई. 1848 ते 1914 या काळात या एका समुद्रभागात साडेअठरा हजारांच्या सुमारास देवमासे मारले गेले, असे जहाजांच्या नोंदींवरून काढलेले अनुमान आहे. पोलादी पट्ट्या आल्या, फॅशन बदलली, आणि धंदा बसला. क्लाउडबेरीच्या वाट्यास असे काही आले नाही. तिचे फळ तोडल्याने मूलक्षोड मरत नाही.

1977 साली आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोगाने इन्युपियात लोकांच्या पारंपरिक शिकारीवरही बंदी घातली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने तेथे दोन हजारांहून कमी देवमासे उरले होते. शिकाऱ्यांचे म्हणणे होते की मोजदादच चुकीची आहे: निरीक्षक बर्फाच्या काठावर बसून मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजतात, पण कित्येक देवमासे बर्फाखालून, काठापासून दूर जातात. बॅरोचे अनुभवी शिकारी हॅरी ब्राउअर यांनी हे टॉमस अल्बर्ट या शास्त्रज्ञास समजावून दिले. त्याच वर्षी शिकाऱ्यांनी आपली संघटना स्थापिली, आणि डिसेंबरात आयोगाने पुढील वर्षासाठी 12 देवमाशांची मर्यादित अनुमती दिली. 1980 नंतर पाण्यात ध्वनिग्राहक सोडून बर्फाखालचे आवाज नोंदविण्यात येऊ लागले. बोहेड फार बोलका प्राणी आहे. आवाजावरून त्याची जागा निश्चित करता येते. शिकाऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. 2001 सालच्या मोजणीत संख्या 10 हजारांवर आणि 2011 च्या मोजणीत 16 हजारांवर गेली. यात काही वाढ खरोखरीची आहे; काही भाग मात्र पूर्वी न मोजलेल्यांचा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता आर्क्टिकचा समुद्र उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा अधिक काळ मोकळा राहतो. बर्फाचे छत गेल्याने ओर्का हे शिकारी देवमासे बोहेडच्या प्रदेशात आत शिरू लागले आहेत, आणि त्यांनी मारलेल्या बोहेडांची शवे अलास्काच्या किनाऱ्यालगत आढळली आहेत. जमिनीवर बर्फ लवकर वितळले की क्लाउडबेरीची फुले लवकर उघडतात आणि नंतर आलेल्या हिमकणांत सापडतात. गोठलेल्या जमिनीत खणलेली तळघरे, जेथे देवमाशाचे मांस वर्षभर टिकत असे, त्यांपैकी काहींत पाणी शिरले आहे. अशा घरांतील मक्ताक आणि अक्पिक आता विजेच्या शीतपेटीत ठेवले जातात.